बाबांनी उलटा चिकटवलेला गणपती

माझे बाबा रेल्वेत कारकून होते आणि स्वतःला कारागीर समजत. नव्वदच्या दशकात आम्ही बनारसला मुन्शी घाटाजवळ राहायचो. प्लायवूडच्या दुकानातून ते विनीअरचे, म्हणजे कागदासारख्या पातळ लाकडाचे, उरलेसुरले तुकडे आणत. काळपट शिसव, सागवान, पिवळसर हळदू. ब्लेडने कापून, एकमेकांशी जुळवून त्यांची चित्रं करत. आमच्या घरात धड बसायला जागा नव्हती, पण भिंतीवर लाकडी मोर भरपूर.

माझं लग्न ठरलं, सासर पुण्याचं. सोबत द्यायला बाबांनी गणपती करायला घेतला. दोन महिने कुणाला हात लावू दिला नाही. दागिन्यांचं मला काहीच पडलेलं नव्हतं, त्यांच्या हातचं एवढंच हवं होतं.

या कामात जुळवलेल्या चित्राला कागदी पट्टी समोरून लावतात आणि सरस पाठीला. बाबांनी घाईत नेमकं उलटं केलं, त्यामुळे चित्र आरशात दिसावं तसं डावं-उजवं झालं. लग्नाला दोन दिवस राहिले असताना त्यांनी चित्र नीट चिकटावं म्हणून वर ठेवलेली वजनं काढली, आणि आई किंचाळलीच.

“अहो, हा तर उजव्या सोंडेचा झाला! याचं सोवळं कडक. पोरगी सासरी कसं निभावणार? हा नाही जायचा.”

बाबांनी सोंडेवरून बोट फिरवून पाहिलं. “गडबड झाली, बेटा. दुसरा करून पाठवतो.”

“मला हाच पाहिजे!” मी ओरडले. माझा राग गल्लीत प्रसिद्ध होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सोंड तेवढी कापून काढली आणि डावीकडे वळलेली नवी बसवली. पण चित्र उलटल्यामुळे मोदक उजव्या हातात गेला होता. तो बदलायला वेळच उरला नाही, पाहुणे स्टेशनवर उतरले होते. गणपती मोदकापासून सोंड फिरवून बसला. आईने नाक मुरडलं, पण माझ्या पेटीत तिनेच तो साडीत गुंडाळून ठेवला.

सासरी चार दिवस मला घास गिळवेना. भूक नाही, म्हणत राहिले. सासूबाईंनी गणपती भिंतीवर लावला, निरखून पाहिला आणि विचारलं, “हा मोदक का घेत नाही गं?”

मी बाबांची सगळी फजिती सांगितली. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. ताट वाढून माझ्याशेजारी बसल्या.

“त्यालाही घरची आठवण येत असेल,” म्हणाल्या. “त्याचं राहू दे. तू खा.”

बनारस सोडल्यापासून पहिल्यांदाच मी मोठ्याने रडले, आणि मग पोटभर जेवले.