लाल दिव्यावरची पट्टी

सक्करदऱ्याच्या आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेला भाड्याचा अँप्लिफायर घेऊन आलेल्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, आणि आता मला ते जाणूनही घ्यायचं नाही. स्पीकर विहाराचेच होते, वस्तीतल्या बायकांनी वर्गणी काढून घेतलेले, चांगले दमदार. त्यांच्यापुढे याचा अँप्लिफायर अगदीच लहान. तसाही चालतो, पण बेतात वाजवला तर. ताणला की आवाज फाटतो आणि तो फाटका आवाज स्पीकरची कॉइल जाळतो. ताण पडतोय हे सांगायलाच अँप्लिफायरवर लाल दिवा असतो.

याच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी होती. बोलताना तो अंगठ्याने ती सारखी दाबायचा.

"हे काहून लावलं?" मी विचारलं.

"लाल लाइट दिसला का लोकं घाबरते, भाऊ."

"अरे, तो लाइटच आवाज कमी कर म्हणून सांगून राहिला."

त्याने हसून आवाज आणखी वाढवला.

बायका गाणं म्हणायला उभ्या राहिल्या आणि दुसऱ्याच कडव्याला जळका वास आला. त्यांचे शब्द गोधडीखालून आल्यासारखे घुसमटले, मग तेही बंद झाले.

"स्पीकरच कमजोर हाये तुमचे," तो त्याच बायकांना म्हणाला.

वायरी गुंडाळताना पट्टीची एक कड सुटलेली मला दिसली. वाटलं, आता तरी काढून टाकेल. त्याने ती अंगठ्याने दाबून पुन्हा नीट बसवली.