बिरदेवची फळी

बिरदेव माझ्या शाळेत आला तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याने पायरी कशी असते हे पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या घरची मेंढरं दिवाळी झाली की ढालगावच्या पठारावरून खाली कृष्णाकाठाला उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. मेंढरांमागे सगळं बिऱ्हाड. घोड्याच्या पाठीवर भांडी, कोंबड्या, दोन दिवसांची कोकरं आणि अजून चालता न येणारं पोर, सगळं एकाच दोरीनं बांधलेलं. रात्री कुणाच्या तरी शेतात पाल ठोकायचं. अशा आयुष्यात पायऱ्या येणार कुठून?

आमची शाळा उंच जोत्यावर होती. सात पायऱ्या. पहिल्या दिवशी बिरदेव हात टेकत वर आला. शाळा सुटल्यावर वरच्या पायरीवर उभा राहिला, खाली पाहिलं, मटकन बसला आणि बसल्या बसल्या सरकत खाली गेला. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोचलो तेव्हा कुणीही आलेलं नव्हतं, आणि बिरदेव चौथ्या पायरीवर उभा होता. उतरत नव्हता. नुसता खाली बघत होता.

"काय करतोस रं?"

"दावतोय, गुर्जी."

"कुणाला?"

"मला."

पुढे त्याच्या बापाकडून मला ते समजलं. ओढ्याला पाणी आलं की एखादी मेंढी बुजते, पाण्यात पाय घालत नाही. तिला ढकलायचं नसतं. ढकललेली मेंढी जन्मभर पाण्याला भिते. तिला रोज त्याच जागेवर न्यायचं, पाणी दाखवायचं आणि परत आणायचं. चार दिवस, आठ दिवस. मग एक दिवस ती आपली आपण उतरते. बिरदेवला ही एकच शिकवण्याची रीत ठाऊक होती आणि त्याने ती स्वतःवर लावली होती. दहाव्या दिवशी तो सातही पायऱ्या चालत उतरला. भीती मात्र गेली नाही. सगळी पोरं विहिरीत उड्या टाकायची तेव्हा हा काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचा.

असा हा बिरदेव पुढे पवनचक्कीवर रखवालदार झाला, म्हणजे पवनचक्कीच्या पायथ्याशी. पठारावर पांढरे मनोरे उभे राहिले, कंपनीला राखणीला माणसं हवी होती आणि आपल्या हिश्श्याची मेंढरं भावाला देऊन हा तिथं लागला. चौदा वर्षं तो त्या मनोऱ्याखाली बसला. एकदाही आत गेला नाही. "वर काय हाय ते वरच्याला म्हाईत," असं हसून म्हणायचा.

गेल्या वर्षी कंपनीने सगळीकडे कॅमेरे बसवले आणि रखवालदार कमी करायचं ठरवलं. मात्र जो कुणी वरपर्यंत चढून दाखवेल त्याला मदतनीस म्हणून ठेवणार होते. वर काम करणाऱ्यांना तेलाचे डबे, हत्यारं पोचवायची. मनोऱ्याच्या पोटात ऐंशी मीटर उंच सरळ शिडी, मध्ये तीन टप्पे, म्हणजे शिडीपुरतं भोक ठेवलेले लोखंडी मजले. कमरेला आणि खांद्यांना पट्टे, ते शिडीच्या पोलादी दोराला अडकवलेले. चढायचं आणि उतरायचं. संधी दोन.

बिरदेव सत्तेचाळीस वर्षांचा. घरात आई, बयाबाई, जिला उठायलाही हात द्यावा लागतो. मुलगी माया सांगलीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. "पुन्ना मेंढरांमागं जायचं म्हनलं, तर म्हातारीला घोड्यावर बांधू काय गुर्जी?" तो मला फोनवर म्हणाला. एवढं बोलून हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही.

पहिल्या संधीला तो पहिल्या टप्प्यापर्यंत गेला. टप्प्यावर पाय ठेवला, ज्या भोकातून आला त्यातून खाली पाहिलं आणि तिथंच गोठला. शिडी हातातून सुटेना. राजवर्धन नावाचे तरुण इंजिनियर वर गेले आणि त्याचा एकेक पाय हातानं उचलून शिडीवर ठेवत त्याला खाली आणलं. खाली बाकीचे रखवालदार उभे होते. एक जण म्हणाला, "बिरूआबा, कॅमेरा बसवायचा तर त्यो वर बसवत्यात, तुमी कशाला चढला?" दुसरी संधी दीड महिन्याने होती.

आता मायाबद्दल सांगायला हवं. निवृत्तीनंतर मी सांगलीत राहतो; ती माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, विश्रामबागेतल्या एका गेम झोनमध्ये अर्धा दिवस काम करायची. दुकान रविराज नावाच्या मुलाचं. त्याने दिवाळीच्या सुट्टीत डोळ्यांवर चढवायचा तो व्हीआर हेडसेट आणला होता. पहिले पंधरा दिवस दुकानाबाहेर रांग लागली. त्यातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे फळीचा. हेडसेट घातला की तुम्ही एका लिफ्टमध्ये असता, लिफ्ट ऐंशीव्या मजल्यावर थांबते, दार उघडतं आणि समोर हवेत बाहेर आलेली एक फळी. तिच्या टोकापर्यंत चालायचं. दुकानात जमिनीवर रविराजने खरीच सागवानी फळी ठेवलेली, म्हणजे पायाला पटावं. बघणाऱ्यांना दिसायचं की माणूस जमिनीपासून चार बोटांवर उभा आहे आणि बोंब मारतो आहे.

"आणि आता?" मी रविराजला विचारलं होतं.

"आता काय सर. एकदा येतात, ओरडतात, रील काढतात आणि जातात. दुसऱ्यांदा कुणी येत नाही. मला वाटलं होतं की हे कॅरमसारखं होईल, रोज येतील. मशीन भारी आहे हो. पण नवल संपलं की संपलं."

मायाने बापाला सांगितलं, "आप्पा, हितं येऊन सराव करा. पडलासा तरी चार बोटं." बिरदेवला ते पटलं. चार बोटांवर पडण्याचं नव्हे, रोज तीच जागा दाखवता येईल हे. तो रात्रपाळी संपवून सकाळच्या गाडीने मिरजेला यायचा, तिथून सांगलीला, आणि दुकान उघडायच्या आधी दहा वाजता दारात उभा. मायाने मलाही बोलावलं. "तुमी असला की ते ऐकतात," म्हणाली. मी एका स्टुलावर बसायचो.

बिरदेवने हेडसेट हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "ही तर झापड हाय की. घोड्याला झापड लावत्यात ती काय दिसू नये म्हनून. ही दिसावं म्हनून लावत्यात व्हय? लय उलटी रीत."

पहिल्या दिवशी लिफ्टचं दार उघडताच तो डावीकडे कलंडला आणि खाली बसला. बाहेर जाऊन ओकून आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रविराज मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, काकांच्याने हे होणार नाही. भीती फार आहे त्यांना. उगाच एवढ्या लांबून येतात."

बिरदेवने ते ऐकलं होतं. तोंड पुसत म्हणाला, "भ्या वाटतंय ते खरं. पर भ्यानं माझी पोटरी कापती, पोट ढवळत न्हाई. ह्यात दुसरंच कायतरी हाय. समदं दोन दोन दिसतंय आन् पान्यावानी हालतंय."

चौथ्या दिवशी मायाने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. हेडसेटच्या खालून, नाकापाशी, मोठी फट होती. पट्टा डोक्यावर बसतच नव्हता. बसणार कसा? डोक्यावर पटका होता. पट्टा पटक्यावरून घसरायचा, काचा डोळ्यांसमोरून सरकायच्या आणि ऐंशीवा मजला पाण्यातल्या सावलीसारखा डुलायचा. आम्ही तिघंही तीन दिवस समोर होतो. पटका आमच्या डोळ्यांना इतका सवयीचा की तो अडचण असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही.

"आप्पा, पटका काढा."

बिरदेवने दोन्ही हातांनी पटका वरून दाबून घेतला.

"आप्पा, काढल्याबिगर बसनार न्हाई ते."

"बाप गेला तवा काढलेला," तो म्हणाला. "चारचौघांत डोकं उघडं करायचं म्हंजे घरात कोन मेलंय पोरी?" आणि चपला घालून निघून गेला.

मी त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेलो. तिथं तो थांबला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुर्जी, मनोऱ्यावर बी मी पटका काढला नव्हता. सायेबांनी काढाय सांगितलेला. मी चार वेढं कमी केलं आन् वरनं हेल्मेटचा टोप चढवला. टप्प्यावर वाकून खाली बघितलं आन् टोप डोळ्यांवर आला. अंधार झाला. तवाच हात शिडीला धरून बसलं." मग म्हणाला, "मी कुनाला सांगितलं न्हाई हे."

दुसऱ्या दिवशी दहाला तो हजर होता. रविराजला म्हणाला, "मालक, वाईच शटर खाली वढा." शटर खाली आलं. बिरदेव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि पटका सोडला. तो नीट गुंडाळून त्याने खुर्चीवर ठेवला, मग उचलून माझ्या हातात दिला. डोक्याचा वरचा भाग पांढुरका होता, खाली चेहरा काळा रापलेला. मायाने मान वळवली. तिने बापाचं डोकं कधी पाहिलेलं नसावं.

त्या दिवशी हेडसेट नीट बसला. दार उघडलं. बिरदेव फळीच्या अलीकडे उभा राहिला. पोटऱ्या थरथरत होत्या, त्याने सांगितल्याप्रमाणे. दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "बास. काढ."

"आवं आप्पा, एक पाय तर टाका!"

"आज नुसतं दावलं."

पुढचे चार दिवस त्याने नुसतंच दाखवलं. पटका काढल्यापासून सहाव्या दिवशी एक पाऊल. आठव्या दिवशी दोन पावलं पुढे आणि पुन्हा मागे. रविराज आधी वैतागला, मग त्यालाही चटक लागली. तो लवकर येऊन चहा सांगून ठेवायचा. "काका, आज टोक!" म्हणायचा. बिरदेव मान हलवायचा, "तू ढकलू नगंस गड्या." बाराव्या सकाळी तो टोकाशी पोचला, तिथं खाली वाकला आणि फळीच्या कडेवरून रस्त्यावरच्या मोटारी मोजू लागला. "सतरा हायत," म्हणाला. "तेराव्या मोटारीला दिवा न्हाई." रविराजने मला कानात सांगितलं की आजवर कुणी मोटारी मोजल्या नव्हत्या, लोक डोळे मिटून घेतात.

मी मोजल्या त्याप्रमाणे एकोणीस सकाळी झाल्या. शेवटच्या सकाळी तो फळीवर बसून मायाशी घरच्या गप्पा मारत होता, पाय ऐंशीव्या मजल्यावरून खाली सोडून. आम्हाला ते पाय सागवानी फळीवरून जमिनीवर पसरलेले दिसत होते.

परीक्षेच्या दिवशी मी आणि माया पठारावर गेलो. बिरदेवने सगळ्यांसमोर पटका सोडला. रखवालदारांतला तोच गडी काही बोलणार होता, पण मायाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तोंड फिरवलं. टोप डोक्यावर घट्ट बसला. राजवर्धन साहेब पुढे चढले, मागून हा. दार लागलं. आम्हाला काहीच दिसत नव्हतं, फक्त साहेबांच्या वायरलेसवरून खालच्या माणसाला कळत होतं. पहिला टप्पा. मग दुसरा. आणि मग बराच वेळ काहीच नाही.

"थांबलाय," खालचा माणूस म्हणाला.

माया माझा हात दाबत होती. तिने तो दाबलाय हे तिलाही माहीत नसावं.

काय झालं ते बिरदेवने नंतर सांगितलं. दुसऱ्या टप्प्यापर्यंत त्याला फळी उपयोगी पडली. भोकातून खाली पाहिलं, पोटऱ्या कापल्या, त्याने पोटऱ्यांना कापू दिलं. पण दुसऱ्या टप्प्यावर मनोरा हलू लागला. पाती थांबवलेली, तरी वाऱ्याने अख्खा मनोरा सावकाश झुलत होता. "झापडीत वारं नव्हतं, गुर्जी. ती इमारत हालायचीच न्हाई. आन् ग्रीसचा वास, उकाडा, मनोऱ्याच्या पोटात गुरगुर आवाज. ह्यातलं कायबी त्या झापडीत न्हाई. मला वाटलं, संपलं, मी चुकीच्या जागेला सराव केला."

"मग?"

"सायेब वरनं म्हनले, खाली जायचं का. मी म्हनलं, वाईच दावतो. डोळं मिटलं न्हाईत. नुसता उभा ऱ्हायलो आन् ते हालनं बघितलं. पुढं, मागं. पुढं, मागं. आन् मग वळखीचं वाटलं. घोड्यावर बांधल्यावर असंच हालायचं की. कृष्णाकाठापतोर असंच हालत गेलोया मी, चालाय यायच्या आधी."

वायरलेस खरखरला. "तिसरा टप्पा." खालच्या माणसाने तोंड उघडायच्या आत मायाने ते ऐकलं होतं आणि ती खाली मातीत बसली.

तो वरच्या झाकणातून छातीपर्यंत बाहेर आला तेव्हा आम्हाला त्याचा पिवळा टोप एवढाच दिसला. त्याने वरून मायाला फोन लावला. तिने फोनचा स्पीकर लावला होता. "आप्पा, भ्या गेलं का?"

"न्हाई. खाली तुझ्याजवळ बांधून ठेवलंय. नीट ध्यान ठेव, मी येतोय."

या गोष्टीला आता आठ महिने झाले. रविराजने तो हेडसेट कपाटात ठेवलाय, त्या जागी सँडविचचं टेबल आलं. आपण फसलो असं त्याला वाटतं, आणि रांगा लावणाऱ्यांच्या हिशोबाने त्याचं बरोबर असेल. गेल्या आठवड्यात मी पठारावर गेलो तेव्हा बिरदेवला हेच विचारलं. झापड कामाची की नुसती हवा?

तो विचार करून म्हणाला, "पानी दावायला वढा तर पायजे ना गुर्जी. हितं पठारावर कुटला वढा आनू मी? त्या पोरानं आनला. पर एकदा बघून पळनाऱ्याला वढा काय करनार?"

सहा नंबरच्या मनोऱ्यावरून तेल मागितल्याचा फोन आला. बिरदेव उठला. पटका सोडून, घडी करून त्याने माझ्या मांडीवर ठेवला, टोप घातला, हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहिला, पुन्हा एकदा ओढून पाहिला. दारापाशी पोचल्यावर मान वर करून थोडा वेळ उभा राहिला. मग आत गेला.