स्वातीसाठी लावलेला कौल

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — ती खालापुरात असते, तिच्या पोटात तर काहीच राहत नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. बसलाच आहात समोर, तर ऐका.

आधी लहानशी लबाडी सांगते, म्हणजे जीभ सैल होईल. धाकटी जाऊ कुंदा नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिच्या आमटीत मी दोनदा गुपचूप मीठ घातले होते. सासरे म्हणाले, "नव्या सुनेचा हात खारट हाय गं." मी पदराआड हसले. त्याची मला आजही लाज वाटत नाही, उलट गंमतच वाटते. पण ते वय पोरकट होते. पुढचे जे आहे ते मी पंचावन्नाव्या वर्षी केले. केस पिकले होते, गुडघे कुरकुरत होते, आणि अक्कल? ती अजून खाटेखाली रांगत होती.

कुंदाची मुलगी स्वाती. बारावीला अशी चमकली की पेपरात फोटो आला. माझा दिनेश तेव्हा दोनदा बारावीला आपटून माथेरानच्या एका हॉटेलात खोल्यांच्या चाव्या देत बसला होता. कुंदाने तो फोटो कापून देवघराशेजारी लावला. मी काय केले? नेरळला गेले, त्याच पेपराची दुसरी प्रत आणली आणि त्या फोटोवर सुके बोंबील साफ केले. तेवढ्याने मन भरायला हवे होते — नाही का?

मग स्वातीला दोन प्रवेश मिळाले. एक मेडिकलचा. एमबीबीएसला, साडेपाच वर्षांचा. आत गेले की डॉक्टर होऊनच बाहेर. पण लांब, परराज्यात. दुसरा मुंबईच्या फार मोठ्या नावाच्या कॉलेजात, बीएस्सीला. आमच्या पंचक्रोशीतून तिथे कुणी गेल्याचे ऐकिवात नव्हते. आठवड्यात कळवायचे होते. दीर म्हणत डॉक्टरकी, कुंदा म्हणे पोरगी रोज रात्री घरी आली पाहिजे. जेवताना दोघे भांडत. मी भात वाढत दोघांनाही सांगे, "तुमचं बरोबर हाय."

माझे स्वतःचे मत? होते ना. कॉलेज कितीही मोठे असो, गावाला ते कळत नाही. बीएस्सी झालेली मुले आमच्याकडे टेंपो चालवतात. पण डॉक्टरीण! सगळा गाव खोकत-कण्हत कुंदाच्या ओट्यावर येऊन बसणार. आणि मी शेजारच्या ओट्यावर बसून त्यांना पाणी देणार — डॉक्टरणीची काकी. 

शेवटी कुंदाच म्हणाली, "बाय, देवीला कौल लावूया. ती सांगंल तसं."

आमच्याकडे अडलेली गोष्ट अशीच सुटते. देवीच्या पाषाणावर दोन्ही खांद्यांना पाण्याने कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे, आणि वाट बघायची. ठरले असे — उजवी कळी आधी पडली तर डॉक्टरकी, डावी पडली तर कॉलेज.

आदल्या दिवशी आम्ही दोघी ओसरीवर वाल सोलत होतो, मी आणि स्वाती. बिरड्याचे वाल, भिजवून मोड आलेले. ती खाली मान घालून हळूच म्हणाली, "मोठी आई, मला डॉक्टरच व्हायचंय गं. पण आईला नको सांगू. देवीनं सांगितलं तर ती रडणार नाय."

तिला काय हवे आहे ते घरात फक्त मला माहीत होते. हे विसरू नका. मीही विसरलेले नाही.

सकाळी देवळात गुरवबाबांचे हात थरथरत होते. मला म्हणाले, "वैनी, तूच लाव. माझ्या हातानं कळी बसत नाय." म्हणजे बघा, संधी माझ्याकडे चालत आली! मी देवीला न्हाऊ घातले, गंध लावले. आणि उजव्या खांद्यावरची कळी त्या ओल्या गंधात अंगठ्याने दाबून बसवली. डावीकडची पाण्याच्या थेंबावर नुसती टेकवली. मग हात जोडून, डोळे मिटून उभी राहिले. चेहरा असा भाविक की देवीलाही हसू आले असेल.

डावी पडली. पडणारच होती.

कुंदाने मला मिठी मारली. दीरांनी हात जोडले. देवीपुढे कुणाचे चालते? स्वातीने एकदा उजव्या कळीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. तिला कळले का? नाही. ती माझ्याकडून धीर मागत होती. मी तिच्या कपाळाला अंगारा लावला.

ती कॉलेजात गेली, चांगली शिकली. आज कर्जतला ज्युनियर कॉलेजात शिकवते, मुले तिच्यावर जीव टाकतात. वाईट काहीच झाले नाही, असे म्हणून मी निसटू बघते — पण त्या मुलीने ओसरीवर मला काय सांगितले होते?

गेल्या महिन्यात माझा गुडघा सुजला. दिनेशला सुट्टी नव्हती. स्वाती मला स्कूटरवर बसवून कर्जतला डॉक्टरकडे घेऊन गेली. तिच्याहून लहान पोरगी होती डॉक्टर. स्वातीने एक्स-रे उजेडाकडे धरला आणि असे नेमके प्रश्न विचारले की ती डॉक्टरीण म्हणाली, "मॅडम, तुम्ही मेडिकलच्या का?"

"छे हो," स्वाती हसली. "जाणार होते. देवी नको म्हणाली."

आणि खाली वाकून तिने माझ्या सुजल्या पायात चप्पल चढवली.

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आले, सांगू? बरे झाले, त्या खुर्चीत कुंदाची पोरगी नाही. हे पहिले आले. रडू नंतर आले.