जाणकारांचा ग्रुप

तबलेवाले काका गेल्याची बातमी ग्रुपवर आली, तेव्हा मी हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसले होते आणि बस भूमकर चौकात अडकली होती. म्हणजे रोजच्यासारखीच.

तो ग्रुप माझा. शास्त्रीय संगीत ऐकणारे आणि गाणारे-वाजवणारे एका ठिकाणी यावेत, म्हणून वारज्याच्या घरी बसून मी तो सुरू केला होता. नियम कडक होते. सुप्रभात नाही, राजकारण नाही, आलेलं पुढे ढकलणं नाही. आधी ओळखीची चार डोकी, मग नागपूरची, बेळगावची, मग अमेरिकेतली. पुढे वेबसाइट झाली, रविवारच्या ऑनलाइन बैठका झाल्या, वर्षाचं संमेलन सुरू झालं. पुण्यात गाण्याला श्रोते कमी आणि जाणकार फार. तानपुऱ्याचा पंचम किंचित खाली आहे हे सांगायला लोक जेवणावरून उठायचे. मी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची आणि संध्याकाळी चुका शोधणाऱ्या माणसांना सांभाळायची. तरी मला त्या सगळ्याचा अभिमान होता. एवढे कान पुण्यात दुसऱ्या कोणी गोळा केले नव्हते.

एक गोष्ट मात्र लवकरच लक्षात आली होती. जिवंत माणसाच्या कार्यक्रमाची माहिती टाकली की चार अंगठे यायचे. कोणी गेलं की ग्रुप ओसंडून वाहायचा.

त्या सकाळी तसाच वाहत होता. काकांचा फोटो आणि खाली मजकुरावर मजकूर. आयुष्यभर ज्यांना हे लोक ‘तबलजी’ म्हणाले, ते एका रात्रीत ‘पंडितजी’ झाले होते. काकांनी ज्यांना उमेदीची सगळी वर्षं साथ केली, त्या बुवांनी लिहिलं होतं, ‘त्यांच्या ठेक्यावर डोळे मिटून विसंबावं. अशी साथ पुन्हा होणे नाही.’ मी बसमध्येच रडले. माझ्या गाण्याच्या क्लासला काका ठेका धरायला यायचे. मी बेसूर झाले तरी त्यांचा चेहरा कधी बदलला नव्हता.

ऑफिसात पोचल्यावर कॅन्टीनच्या कोपऱ्यात जाऊन त्यांच्या घरी फोन लावला. सांत्वनाचं काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

“कोण बोलतंय?” आवाज काकांचा.

“काका, तुम्ही?”

“मग कोण असणार? सूनबाई दळणाला गेलीय.”

त्याच नावाचे एक तबलावादक सांगलीला वारले होते आणि आमच्यातल्या एका उत्साही माणसाने काकांचा फोटो चिकटवून दिला होता. मी संतापले. सगळं आत्ता पुसते म्हटलं. काका म्हणाले, “थांबा ताई. आधी वाचू तर द्या.”

काकांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावी बाजू गेली, मग हळूहळू बरीचशी परत आली. पण तोवर बोलावणी थांबली होती. शहरातली भाड्याची खोली सोडून ते मुलाकडे लोणी काळभोरला राहायला गेले. आमच्या लोकांच्या लेखी लोणी काळभोर म्हणजे जवळपास परदेश. कोणी फिरकलं नाही.

संध्याकाळी काकांनीच ग्रुपवर लिहिलं, ‘मी हयात आहे. आपल्या प्रेमाने भारावलो.’ मग काय, हसरे चेहरे, फुलं. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात, तेच प्रत्येकाने लिहिलं. काहींनी शंभरीची हमी दिली.

रविवारी मी भेटायला गेले. सून दारात भाजी निवडत होती. “बाबा आत हायेत,” ती म्हणाली. “चार दिस झालं, त्या मोबाइलातलंच वाचत बसल्यात. जेवायचंबी ध्यान नाही.”

काका खुर्चीत ताठ बसले होते, दाढी केलेली. त्यांनी मला तबला वाजवून दाखवला. उजवा हात पूर्वीसारखाच होता. डाव्या हाताला डग्ग्यावरची नाजूक कामं जमत नव्हती, मनगट जड पडायचं. पण सरळ ठेका बिनचूक होता. आणि लोकांनी स्तुती केली होती ती नेमकी ठेक्याचीच.

“एकदा साथीला बसायचंय ताई,” ते म्हणाले. “आपल्या संमेलनात. कोणाच्याही मागे चालेल. एवढं सगळं लिहिलंय लोकांनी, तर एक जण हो म्हणेलच की.”

मलाही तसंच वाटलं. मी थेट बुवांना फोन केला.

“अहो ताई, श्रद्धांजलीत कोणी खरं लिहितं का?” बुवा म्हणाले. “आणि लिहिलं ते खोटंही नाही. पण ते तेव्हाचं. मधेच त्यांचा हात राहिला तर पडणार माझं गाणं. तुमचं काय जातंय?”

इतरांची उत्तरं गोड होती, अर्थ तोच. कोणाचा साथीदार ठरलेला, कोणाला काकांच्या प्रकृतीची काळजी. काकांना मी म्हटलं, विचारतेय अजून. ते समजायचं ते समजले असावेत. एका दुपारी त्यांनी स्वतःच ग्रुपवर लिहिलं: ‘संमेलनात कोणास तबल्याच्या साथीची गरज असल्यास मी बसेन. सरळ ठेका धरेन. मानधनाची अपेक्षा नाही.’

सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा काकांना दिसत असणार. कोणी काही लिहिलं नाही. काही वेळाने अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी मारव्याच्या निषादावर प्रश्न टाकला आणि सगळे त्यावर तुटून पडले. मला एकेकाच्या घरी जाऊन बोलावंसं वाटत होतं. गेले नाही. रागाच्या भरात कार्यक्रमपत्रिकेत पहिलं नाव माझंच घातलं. गायन मी, तबल्यावर काका.

मी काही गाणारी नव्हे. क्लास सुटून जमाना लोटला होता. महिनाभर पहाटे उठून बिलावल घोटला, नवशिक्याला शिकवतात तो. काका दोनदा बसने वारज्याला आले. त्यांनी बंदिश अशी काही बसवून घेतली की मला वाटलं, जमेल.

संमेलन कोथरूडच्या एका शाळेच्या सभागृहात होतं. आमचं गाणं सगळ्यात आधी, त्यामुळे निम्मे लोक बाहेर खिचडीच्या रांगेत. पण जाणकार पुढच्या ओळीत होते, बुवाही होते, आणि वेबसाइटवरून बाहेरगावचे लोक पाहत होते. काकांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता. तबला लावून झाल्यावर त्यांनी एकदा समोर पाहिलं. ते सुखी होते, हे मी शपथेवर सांगते.

तालाचं चक्र सोळा मात्रांचं होतं. त्यातल्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. गाणारा कितीही भटकला तरी समेवर त्याने आणि तबल्याने एकत्र यायचं, एवढा एकच करार. सुरुवात बरी झाली. मग धीर आला आणि मी एक तान घेतली, जी घ्यायचं काही कारण नव्हतं. मोजणी हातची गेली. मी समेवर दोन मात्रा आधीच आदळले. म्हणजे आदळणारच होते. काकांनी ते माझ्या आधी ओळखलं, ठेक्यातल्या दोन मात्रा गिळल्या आणि नेमका माझ्याबरोबर खणखणीत ‘धा’ दिला. मी वाचले. गाणाऱ्याची चूक साथीदाराने अशी पोटात घालायची, ही या लोकांची जुनी रीत. मी डोळ्यांनीच आभार मानले. पुढे शेवटपर्यंत त्यांचा ठेका घड्याळासारखा चालला.

पण पुढच्या ओळीतले लोक मांडीवर ताल मोजत होते. सम दोन मात्रा लवकर आली, हे त्यांच्या बोटांना कळलं. एरवी त्यांनी ओळखलं असतं की बाई चुकली आणि तबल्याने सांभाळून घेतलं. पण हात आजारी, हे त्यांना घरून निघतानाच ठाऊक होतं.

मध्यंतरापर्यंत ग्रुपवर सगळं आलं होतं. ‘ठेका हलला.’ ‘वाईट वाटलं पाहून.’ ‘वेळीच थांबण्यातही शोभा असते.’ बुवांनी सभ्यपणे लिहिलं, ‘म्हणूनच मी नको म्हणालो होतो.’ मी तिथल्या तिथे लिहिलं, चूक माझी होती, काकांनी झाकली. त्यावर उत्तर आलं, ‘हा तुमचा मोठेपणा, ताई.’ त्या उत्तराला मिळालेले अंगठे मोजवेनात.

संध्याकाळी मी काकांना गाडीतून लोणी काळभोरला सोडायला निघाले. तबला-डग्गा मागच्या सीटवर होता. हडपसर येईपर्यंत ते मोबाइल वाचत होते, मग त्यांनी तो खिशात ठेवला.

“मनगट जड झालं होतं का हो त्या वेळी?” त्यांनी विचारलं.

“काका, मी चुकले. दोन मात्रा आधी आले. तुम्ही सांभाळून घेतलंत. तुम्हाला आठवत नाही?”

“मला तसंच वाटलं होतं,” ते म्हणाले. “आधी तसंच वाटलं.”

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. रेकॉर्डिंग होतं. म्हटलं आत्ता ऐकू, तुमचे तुम्हीच मोजा. त्यांनी माझ्या फोनवर हात ठेवला, डावा, आणि मान हलवली.

“राहू द्या. एवढे जाणकार आहेत ताई. तुम्हीच एकेक निवडून गोळा केलेत. ते सगळे कसे चुकतील?”