छापील मोहिमा, वणीचे खेळाडू

चांगलं पुस्तक वाचलं की माणूस गप्प बसतो. भिकार वाचलं की चार जणांना सांगत सुटतो, आणि सांगता सांगता त्याचे किस्से होतात. आमच्याकडे असे किस्से बरेच साठलेत, कारण दोनेक वर्षं आम्ही दर रविवारी दुपारी भिकार पुस्तकं खेळत होतो.

खेळत म्हणजे खरंच खेळत. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतं ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांवर ठरायचं. ज्यांना गोष्ट सुचत नाही त्यांच्यासाठी तयार मोहिमांच्या इंग्रजी पुस्तिका मिळतात. माझा भाऊ विलासदादा शाळेत इंग्रजी शिकवायचा. पुण्यातल्या मित्राकडून तो त्या पुस्तिकांच्या झेरॉक्स मागवायचा आणि गोष्ट तोच सांगायचा. खेळणारे तिघं: मी म्हणजे त्याची धाकटी बहीण, कोळसा खाणीतला सर्व्हेअर प्रफुल्ल, आणि खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा राठोड.

त्या वर्षांत वणीत कापसाच्या पडलेल्या भावाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. कुठेच स्वस्थ बसवत नव्हतं. रविवारी तरी दुसऱ्या जगात जाऊ, एवढाच हेतू.

* * *

पुस्तिकेत जागोजागी चौकटी असतात. खेळाडू दारात आले की चौकटीतला मजकूर मोठ्यानं वाचायचा. दादा मास्तर असल्यामुळे तो फार मन लावून वाचायचा आणि मग मराठीत सांगायचा. एकदा त्यानं वाचलं, अंधारी खोली आहे, कोपऱ्यात काहीतरी हलतंय, तुमच्या अंगावर भीतीनं काटा येतो.

"मी नाई भेलो," राठोड म्हणाला.

दादानं कागद पुढे केला. "लिहेल हाय इथं, तुमी भेले."

राठोडनं फासे खाली ठेवले. "मंग मी कायले आलो बे? तूच जाय आतमंदी. आमी इथंच च्या पितो."

आणि आम्ही खरोखर चहा प्यायलो. दादा एकटाच आत गेला आणि सगळं वाचून बाहेर आला.

* * *

दुसऱ्या एका मोहिमेत राक्षसांनी बळकावलेली खाण होती. नकाशा देखणा. प्रफुल्लनं तो हातात घेतला आणि त्याचा चेहरा ऑफिसात असतो तसा झाला. पाणी कुठून उपसतात, छताला टेकू कुठे आहेत, तो विचारत गेला आणि दादा पानं उलटत गेला. शेवटी प्रफुल्ल म्हणाला, "एवढ्या मशाली जळून राह्यल्या अन् हवेले रस्ताच नाई. तुह्ये राक्षस कवाचेच मेले असतीन."

पुढच्या रविवारी तो ट्रेसिंग पेपरवर नकाशा दुरुस्त करून घेऊन आला. त्यात त्यानं नियमाप्रमाणे हवेसाठी एक उभं भुयार काढलं होतं. दादानं मोठ्या मनानं ते मंजूर केलं. आम्ही त्या भुयारातून दोर सोडला आणि थेट शेवटच्या खोलीत, राक्षसांच्या सरदाराच्या पलंगावर उतरलो. मधली सगळी पानं वाचायची राहिली.

दादा तीन दिवस प्रफुल्लशी बोलला नाही.

* * *

या पुस्तिकांमधली गावं मला फार आवडायची, कारण तिथं सगळेच सुखी. एका गावातल्या खानावळवाल्याचं नाव, त्याच्या तांबड्या मिशा, त्याच्या कुत्र्याचं नाव, सगळं दिलेलं होतं. राठोडनं विचारलं, हे लोक पेरतात काय?

दादानं शोधलं. नव्हतं दिलेलं.

दिवसभर केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगेसमोर उभा राहून लोकांची बोलणी खाणारा माणूस हा प्रश्न सोडणार नव्हता. पीक काय, विकतात कुठं, घेतो कोण. डोंगरात राक्षस वाट बघत होता आणि राठोड गावाबाहेर पाऊल टाकेना. दादा वैतागला. "कापूस पेरतेत, बस झालं?"

राठोडनं खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "मंग राक्षसाचं नंतर पाहू."

* * *

त्याच वर्षी कापसाच्या हंगामात, पडलेल्या भावाची बातमी करायला मोठ्या शहरातून एक पत्रकार केंद्रावर आला होता. त्यानं राठोडला पुष्कळ प्रश्न विचारले. रविवारी आम्ही उत्सुकतेनं विचारलं, काय म्हणाला?

"त्याच्यापाशीबी चौकट होती," राठोड म्हणाला. "मी दुसरंच सांगत गेलो, त वही बंद केली त्यानं."

* * *

आमचे बाबा पोस्टातून रिटायर झालेले. खेळताना ते पलीकडे पेपर वाचत असायचे. एकदा दादा चौकट वाचत होता: ड्रॅगननं शिवारं जाळली, गावकरी हात जोडून वीरांकडे मदत मागतात. बाबांनी पेपर खाली केला. "पन वीर यायच्या आंधी गावातल्या लोकायनं काय केलं?"

त्या पुस्तिकेचं पुढचं पान दादानं उलटलंच नाही. दोन महिने शाळेतून आला की तो लिहीत बसायचा. मग त्यानं आम्हाला त्याची स्वतःची मोहीम खेळवली. तिच्यात वीर नव्हते. आम्ही तिघं गावकरी. हंगामाच्या तोंडावर गावातल्या मालाचा भाव पडतो, तो कोणी पाडला ते शोधायचं. व्यापारी म्हणतो, भाव वरून येतो. आम्ही तालुक्याला गेलो. तिथला म्हणतो, वरून येतो. मग राजधानी, मग बंदर, मग जहाज. प्रत्येक दारामागचा माणूस घाबरलेला, बायकापोरांचा, खरं बोलणारा. तीन रविवार आम्ही दारं उघडत होतो. प्रफुल्लला शेवटचं दार हवं होतं. दादानं ते लिहिलंच नव्हतं. मी आयुष्यात इतकी अस्वस्थ होऊन कुठलाच खेळ खेळले नाही, आणि इतकी मनापासूनही नाही.

आम्हीच मागे लागून त्याला ती इंग्रजीत करायला लावली आणि परदेशातल्या एका प्रकाशकाला ईमेलनं पाठवली. उत्तर आलं, तेही सभ्य. लेखन चांगलं आहे, माणसं जिवंत आहेत. मात्र शेवटी खेळाडूंनी कोणाला मारायचं हे स्पष्ट होत नाही, तेवढं करून पाठवावं.

दादानं ते प्रिंट काढून आणलं होतं. आम्हाला वाचून दाखवताना त्याचा आवाज नेहमीचा मास्तरी नव्हता. कागद टेबलावर ठेवून तो अंगणात जाऊन उभा राहिला. प्रफुल्लनं कागद उचलला आणि परत ठेवला.

राठोडनं मला ते पुन्हा मराठीत सांगायला लावलं. नीट ऐकलं. मग अंगणाकडे तोंड करून म्हणाला, "विलास, त्यायले कळव, आमालेबी आजून नाई समजलं."