वाताच्या गोळ्या

आई गेल्यावर अप्पांनी बोलणंच टाकलं. रानात जाईनात, ताट तसंच परत यायचं. गुलबर्ग्याच्या मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गुण यायला महिना लागेल, मधेच सोडू नका, असं बजावलं. आमच्या गावात, दुबलगुंडीत मात्र मी सगळ्यांना वाताच्या गोळ्या म्हणून सांगितलं. दुखणं त्यांचं, लाज मला.

महिन्याभरानं अप्पा आपणहून तुरीच्या रानाकडं निघाले. ते बघून शेजारचे म्हातारे काका गुडघा चोळत आले आणि दोन गोळ्या मागू लागले.

अप्पाच म्हणाले, "वाताच्या न्हाईत त्या. जगू वाटंना झालतं, त्याच्या हायेत."

काका गुडघा चोळायचे थांबले. मग त्यांनी अप्पांना हळूच विचारलं, "त्यो डाक्टर कुठं बसतो, अण्णा?"