गोठ्यातला थर्मामीटर

मे महिन्यातला दुसरा रविवार, दुपारचे पावणेतीन. ऊन चव्वेचाळीस अंश. हदगावजवळच्या माझ्या नव्या घराच्या स्लॅबवर आम्ही तिघे होतो: मी, पाणी मारणारा गडी आणि माझा वर्गमित्र अंगद. स्लॅब टाकून चौथा दिवस. आधीचे तिन्ही दिवस अंगद सकाळी येऊन गेला होता. त्या दिवशी तडे दिसले म्हणून मीच त्याला दुपारी फोन केला. तडे बघायला तो वाकला, तो उठलाच नाही. ऊन उतरल्यावर ये, एवढं म्हणायचं मला सुचलं नाही...

अंगद विष्णुपुरीला शिकून इंजिनिअर झाला, पण घर कसं असावं हे तो गोठ्यांकडून शिकला. दोन वर्षांपूर्वी त्याने एक थर्मामीटर आमच्या गोठ्यात टांगला, एक आमच्या पत्र्याच्या घरात, आणि आठवडाभर दुपारी अडीचला मला आकडे लिहायला लावले. गोठा दरवेळी सहा-सात अंशांनी थंड.

"वहिनी, तुमची म्हैस तुमच्यापेक्षा सुखात हाय," तो माझ्या बायकोला म्हणाला.

"मग तुम्हीच राहा तिच्यासंगं, भाऊजी."

त्याने नकाशा काढला. दीड फुटी मातीच्या भिंती, उंच कौलारू छप्पर, गरम हवा निघून जायला छपराखाली वीतभर फट, पावसाचं पाणी साठवायला अंगणात हौद. मला तो नकाशा पटला होता, हे इथे लिहून ठेवतो.

जोतं झालं तेव्हा मुलीला बघायला लातूरहून पाहुणे आले. मुलाच्या मामांनी नकाशा बघितला. "पत्र्यातून निघून गोठ्यात राहायला चाललात की. स्लॅब न्हाई?"

दुसऱ्या दिवशी मी अंगदला कॉलम उभारून स्लॅब टाकायला सांगितलं. तो भांडला नाही. "घर तुझं हाय. थर्मामीटर तेवढे काढू नको."

अंगदच्या तेराव्यानंतर नकाशाचे राहिलेले दहा हजार घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, पाकीट उघडलं नाही. "त्यांच्या नकाशात स्लॅब नव्हता. त्या घराचे पैसे कसे घेऊ?" मी पाकीट पुन्हा पुढे सरकवलं. शेवटी त्या म्हणाल्या, "चार दिवस उन्हात उभे राहिले, तेवढी हजेरी द्या."

लातूरहून अजून निरोप नाही. पत्र्याच्या घरातला थर्मामीटर मी स्लॅबखाली टांगलाय. काल अडीच वाजता तिथे एकेचाळीस, गोठ्यात चौतीस.

चार दिवसांची हजेरी बत्तीसशे रुपये. सुनंदावहिनींना दिली.